हेडविगबाईंचं विरजण

शनिवारी दुपारी जर्मनीतल्या आमच्या गावाची पावाची सामाईक भट्टी पेटते तेव्हा मी जागेपणी झोपेत असतो. भट्टी सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे लाकडं घालायची, निखारे ओढायचे आणि बायका पाव वळत असताना भिंतीला टेकून बडबड करायची. ऑक्टोबरात दरीतलं धुकं थेट दारापर्यंत येतं. टेकडीवरचा पडका किल्ला दिसेनासा होतो, राय धान्याच्या पावाचा आंबूस वास गल्लीभर पसरतो, आणि हे कुठलं साल चाललंय हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मला हे फार आवडतं.

त्या शनिवारी शेवटची पाळी रोझविथाची होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो; आता दोघंही पंचाहत्तरीला टेकलोय. ती काथवटीत पीठ मळत होती आणि मी तिला शाळेच्या सहलीत मास्तर नेकार नदीत पडले ती गोष्ट सांगत होतो, बहुधा दोनशेव्यांदा. ती हसत होती. तिने मीठ घातलं, पाव वळले, भट्टीत लावले. मी झाकण घातलं. मग तिने आपली मातीची बरणी उचलली, आत पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

मीठ घालायच्या आधी मूठभर आंबलेलं पीठ काढून ठेवायचं असतं. तेच पुढच्या पावाचं विरजण. पन्नास वर्षांत ती हे कधी विसरली नव्हती. आज विसरली.

हे विरजण साधंसुधं नव्हतं. युद्ध संपल्यावर, सेहेचाळीस साली, तिची आई हेडविगबाई पोलंडकडे गेलेल्या सायलेशियातून इतर जर्मनांबरोबर हाकलली गेली. निघताना तिने घरचं विरजण वाळवलं आणि त्याचा चुरा कोटाच्या अस्तरात शिवून घेतला. आमच्या गावात असली माणसं कुणाला नको होती. त्यांची जर्मन आमच्या कानांना परकी, नाताळात त्यांना खसखशीचे गोड गोळे लागत, आणि लोक तोंडावर टिंगल करत. वाळलेला चुरा जागा होईल याची खात्री नव्हती, म्हणून तिने आधी दारोदार विरजण मागितलं, चमचाभरसुद्धा मिळालं नाही. मग तिने तो चुरा कोमट पाण्यात भिजवला. सात दिवस काही झालं नाही. आठव्या दिवशी तो फसफसून वर आला.

या घरात तेव्हापासून एक नियम होता. तुम्ही आम्हाला दिलं नाहीत, आम्हीही कुणाला देणार नाही. त्यामुळे रोझविथाचं विरजण गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आणि रविवारी कॉफीला तिची नात मेर्ले येणार होती. मेर्लेने पोलंडच्या सीमेवरच्या ग्योर्लिट्सला घर घेतलं होतं, तिथून हेडविगबाईंचं गाव तासाभरावर. आमच्याकडे नव्या घराला पाव आणि मीठ देतात. रोझविथा त्याबरोबर ही बरणी देणार होती. वर्षभर ती दुसरं काही बोलत नव्हती.

"आईने ते एवढ्या लांबून आणलं," ती म्हणाली, "आणि मी तुझ्या त्या रटाळ मास्तरापायी भट्टीत घातलं."

ती बाकावर बसली आणि रडली. मी तिला नवी वाईन ओतून दिली, तिने हात लावला नाही. आपल्यामुळे झालं म्हणून माझा जीव थोडा थोडा झाला होता. पण खरं सांगायचं तर त्याहून वाईट गोष्ट माझ्या पोटात होती. तिचं विरजण मेलं नव्हतं. ते माझ्या फ्रिजमध्ये होतं.

मी घरी निघालो. धुक्यात लाकडी चौकटींची घरं अर्धीच दिसत होती, खालचा भाग नाहीच. त्या पांढऱ्या गल्लीतून मला माझी आई वालबुर्गा येताना दिसली, तरुण, डोक्याला रुमाल, मुठीत काहीतरी झाकलेलं. अशी मला ती पुष्कळदा दिसते. मी तिला वाट दिली. जाताना ती माझ्याकडे बघत नाही. सांगू की नको, असं मी तिला मनात विचारलं. कुणाला सांगू नकोस, असं तिने मरताना माझ्याकडून वदवून घेतलं होतं.

मी बरणी घेऊन परत आलो आणि रोझविथासमोर ठेवली. तिने झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "चोरलंस?"

"नाही. हे माझ्या आईचं आहे."

मग मी सांगून टाकलं. हेडविगबाई विरजण मागायला आल्या तेव्हा माझ्या आईने त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. सासू मागे उभी होती, तिच्या धाकाने. त्यानंतर आठवडाभर आईला घास गोड लागला नाही. सातव्या दिवशी हेडविगबाई शेतावर गेल्या असताना ती त्यांच्या खोलीत शिरली, खिडकीतल्या बरणीत आपल्या विरजणाचा एक चमचा घातला, ढवळला आणि पळून आली. दुसऱ्या दिवशी हेडविगबाई भट्टीपाशी देवाचे आभार मानत रडल्या. आई तिथेच पाव लावत होती. तिची मान वर झाली नाही, आणि पुढे जन्मभर ती त्यांच्याशी नीट बोलू शकली नाही.

रोझविथाने पुन्हा बरणीत पाहिलं. भट्टीतून पावांचा वास येऊ लागला होता.

"ढवळलं म्हणालास?"

"हो."

"म्हणजे आईचा चुरा आत होताच."

"होता."

"मग कुठलं जागं झालं, हे तुला काय ठाऊक?" तिने बरणी पोटाशी धरली. "आम्ही सत्तर वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडली, गेबहार्ट. निदान तू तरी आधी बोलायचंस."

मी म्हणालो, हो, बोलायला हवं होतं.

रविवारी मला कॉफीचं बोलावणं आलं नाही. वाईट वाटलं, पण तिचा राग मला पटत होता. तीन वाजता मी आईच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला गेलो. रोझविथा आणि मेर्ले माझ्याआधी तिथे पोचल्या होत्या. दगडावर कालच्या पावाचा एक तुकडा ठेवलेला होता.

"ही वालबुर्गा," रोझविथा नातीला सांगत होती. "तुझ्या पणजीने देवाचे आभार मानले, ते खरं म्हणजे हिचे मानायचे होते. आता तू मान."

मेर्ले आधी थोडी गोंधळली. मग तिने वाकून थंड दगडावर हात ठेवला आणि हळू आवाजात माझ्या आईचे आभार मानले.