विषयपत्रिकेच्या तळाशी

कर्करोग सेवांचा सरकारी आराखडा माझ्या टेबलावर तयार होतो, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं तर तिथे त्याची पानं टाचली जातात. सभेची विषयपत्रिका मात्र माझ्या हातची. आधी प्रतिबंध, मग तपासणी, मग उपचार, आणि तळाशी वेदनाशमन, म्हणजे बरा न होणाऱ्याच्या घरी नर्सने जाऊन दुखणं आटोक्यात ठेवणं. प्रतिबंधावर सगळे पोटभर बोलतात, कारण तिथे कुणाला काही करावं लागत नाही. यंत्रांवर भांडतात. वेदनाशमन येईतो माणसं पिशव्या आवरू लागतात. ‘वेळेअभावी पुढील सभेत’ हे वाक्य मी हल्ली सभेआधीच टाइप करून ठेवतो. मी तसा तत्पर.

समितीवर एक रुग्ण लागतो. आधीचे बरे होऊन सहलीला गेले, म्हणून मी ताईच्या नवऱ्याला बसवलं. भाऊजींचे उपचार डॉक्टरांनी थांबवले होते. त्यांना शेवट घरच्याच खाटेवर हवा होता, पण त्यांच्या कळा ताईला बघवत नव्हत्या. नर्स हवी होती, आणि ती आराखड्यातूनच येणार होती. घरचा माणूस सभेत असला की विषय सरकेल, असा माझा हिशेब.

सभेत पाठीशी उशी घेऊन भाऊजींनी पत्रिका वाचली.

“मेहुणे, माझा नंबर कितवा?”

“शेवटचा, भाऊजी.”

“आणि राहिला तर?”

“पुढच्या सभेत. तीन महिन्यांनी.”

“मग तेव्हासाठी दुसरा रुग्ण बघून ठेवा.”

अध्यक्षबाईंनी ऐकलं. “हा क्रम कुणी लावला?”

“कार्यालयाने,” मी म्हणालो.

“कार्यालय म्हणजे हाच,” भाऊजी म्हणाले. “लहानपणापासून असाच आहे, बायको सांगते.”

बाईंनी तो विषय आधी घेतला. चहा यायच्या आत मंजूर. “अंमलबजावणी पुढच्या आर्थिक वर्षापासून,” मी सवयीने म्हणालो. भाऊजींनी डोळे मिटले.

“चाचणी म्हणून एका भागात लगेच सुरू करता येईल,” मी घाईघाईने जोडलं.

“कुठल्या?” बाईंनी विचारलं.

निःपक्षपातीपणावर मी भाषणं दिली आहेत. मी ताईच्या मोहल्ल्याचं नाव घेतलं, आणि तिथे माझे कोण राहतात तेही सांगितलं. बाईंनी भाऊजींकडे पाहिलं आणि सही केली.

“लोक म्हणतील, मेहुण्याने सोय केली,” बाहेर पडताना मी कुरकुरलो.

“म्हणू देत,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही काही केलंत, असं प्रथमच म्हणतील.”

सोमवारी नर्स आली. मी खोलीच्या दारात घुटमळत होतो.

“त्याला काही काम द्या,” आतून भाऊजी तिला म्हणाले. “रिकामा बसला की सभा बोलावतो.”

नर्सने मला पाणी तापवायला पिटाळलं. पातेलं घेऊन परतलो तेव्हा आतलं कण्हणं थांबलं होतं. ताई भिंतीला टेकून, उंबऱ्यावर पाय पसरून गाढ झोपली होती. तिला ओलांडायचं धाडस झालं नाही. हात भाजेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.