बस वळायची ती जागा

ग्लेंडाला पक्षाघाताचा झटका येऊन चौदा महिने झाले होते, आणि या चौदा महिन्यांत ती एकदाही एकटी संडासाला गेली नव्हती. दाराबाहेर कुणीतरी उभे असेच. बहुतेक वेळा तिची मुलगी शॉना. त्यामुळे नोव्हेंबरातल्या आमच्या वाळवंटातल्या मुक्कामाचा विषय निघाला तेव्हा ग्लेंडाने धाकट्या बहिणीकडे, ट्वायलाकडे, एकच मागणी केली.

"डोंगर नको, देखावा नको. उजाडताना उठायचं, कुणाचा हात न धरता चालत जायचं, झुडपाआड बसायचं आणि परत यायचं. एवढं जमेल अशी जागा शोध."

"आणि पडलीस तर?"

"पडले तर पडले. पण एकटी पडेन."

मी तेव्हा त्यांच्याच स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवा होऊन गळका नळ दुरुस्त करत होतो. दोघी बहिणी माझ्या पायांवरून बोलत होत्या, जणू मी घरातले एक टेबल आहे. त्या मला परका मानत नसत, म्हणून मलाही त्याचे काही वाटत नसे. जिल्ह्याच्या शाळांच्या बसगाड्यांच्या आवारात ट्वायलाने आणि मी सव्वीस वर्षे एकत्र काढली. ती बस चालवायची, मी दुरुस्त करायचो. वाळवंटातल्या मुक्कामाला मी तिच्याबरोबर जाऊ लागलो त्यालाही जवळजवळ तेवढीच वर्षे झाली.

जागा निवडण्याचे काम पहिल्यापासून ट्वायलाचे. तिला जागा निवडताना पाहणे हे मला मुक्कामाइतकेच आवडत आले आहे. गाडीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटे ती बोलत नाही. झुडपे कोणत्या बाजूला झुकली आहेत ते पाहून दुपारचा वारा ओळखते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधी ठोकू देत नाही, मग आकाश कितीही निरभ्र असो. पाऊस तीस मैलांवर पडतो आणि पाणी इथे येते. अगदी खोलगट जागाही टाळते, कारण रात्रीची थंडी पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन तिथे साचते. शेवटी जमिनीवर पाठ टेकून सरळ आडवी होते आणि डोळे मिटते. लोकांना मी याहून कमी काळजीने घरे विकत घेताना पाहिले आहे.

शॉनाने मात्र आधीच नदीकाठच्या एका कॅम्पग्राउंडवर, तंबूंसाठी आखून दिलेल्या जागांपैकी, चौदा नंबरची जागा राखून ठेवली होती. तिथे सिमेंटची पायवाट होती, कठडा होता, रात्रभर दिवा जळणारे स्वच्छतागृह होते. यात तिचे काही चुकत होते असे मी म्हणणार नाही. चौदा महिने ती आईच्या खोलीचे दार किलकिले ठेवून झोपत होती, आणि अशा माणसाला कठड्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

"मावशी, तू जागा शोध, मी आडवी येत नाही," ती म्हणाली. "पण चौदा नंबर मी सोडणार नाही. आई एकदा जरी पडली, तरी त्याच दिवशी सामान उचलायचं आणि तिकडे जायचं. आणि पुढच्या वर्षापासून कायम तिकडेच."

"कबूल," ग्लेंडा म्हणाली. कबूल आहे का, हे तिला कुणी विचारले नव्हते.

आम्ही शोध सुरू केला. ट्वायलाने चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून ग्लेंडाच्या वॉकरसारखाच, पुढे दोन चाके असलेला एक वॉकर आणला. आपल्या डाव्या घोट्याला पाच पौंडांची वाळूची पिशवी बांधली, म्हणजे पाय ग्लेंडासारखा ओढावा लागेल. आणि अशा थाटात ती शनिवारच्या शनिवार वाळवंटात फिरू लागली. मी पाण्याची बाटली घेऊन मागे.

"दुरून बघणाऱ्याला वाटेल, दोन म्हातारी माणसं दवाखान्यातून पळून आलीत," मी म्हणालो.

"दोन नाही. एक पळालीय आणि एक तिला पकडायला आलाय."

वाळूत चाके रुतत. खडीवर ती फिरण्याऐवजी घसरत. मी ग्लेंडाच्या वॉकरला रुंद, जाड चाके बसवून पाहिली होती, तिने अंगणात दोन पावले टाकली, "याला नांगर कधी जोडतोस?" असे विचारले आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. तेव्हा चाके आहेत तीच राहणार होती. बदलायची होती ती जमीन.

दुसऱ्या शनिवारी आम्हाला ती जमीन सापडली, असे मला वाटले. डोंगराच्या पायथ्याशी उंचवट्यावर एक सपाट पठार होते आणि त्यावर काळपट, चकाकणारे दगड एकमेकांना इतके घट्ट चिकटून बसले होते की एखाद्या गवंड्याने दोरी लावून बसवले असावेत. अशा जमिनीला आम्ही फरसबंदी म्हणतो. ट्वायलाने वॉकर पुढे लोटला आणि तो चर्चच्या फरशीवर चालावा तसा चालला. पन्नास पावले ती एकदाही न अडखळता गेली. पूर्वेला दोन डोंगरांमध्ये खिंड होती. सूर्य नेमका तिथून वर येणार होता.

"झालं!" मी ओरडलो. "चल, घरी जाऊ."

ती थांबली आणि मागे वळून पाहू लागली. चाकांखाली दगड सरकले होते. काळ्या पठारावर फिकट मातीच्या दोन रेघा तिच्या पावलांपर्यंत आल्या होत्या.

ती गुडघ्यांवर बसली आणि पालथे झालेले दगड एकेक करून सरळ करू लागली. या दगडांची उन्हाकडची बाजू काळी होते आणि मातीकडची तांबूस राहते. तो काळेपणा यायला हजारो वर्षे लागतात, असे म्हणतात. ट्वायला प्रत्येक दगड उचलून त्याची काळी बाजू वर करून त्याच्या खळग्यात बसवत होती.

"ट्वायला, आपण चौघं, दोन रात्री. एवढ्यानं काय बिघडणार आहे?"

"पन्नास वर्षांनी येऊन बघ काय बिघडलंय ते. रेघा इथंच असतील."

"पण हे ग्लेंडासाठी आहे."

"हे मला शिकवलं कुणी?" तिने मान वर केली नाही. "मी सात वर्षांची होते. सायकल घातली होती असल्याच जमिनीवर. ग्लेंडानं कान धरून दुपारभर दगड सरळ करायला लावले. ती सकाळी उठून चालायला लागेल, आणि मागं वळून बघेल. मग तिला वाटेल, माझ्या एका सकाळपायी हे झालं. अशी सकाळ मी तिला देऊ?"

मग मीही खाली बसलो. पन्नास पावलांचे दगड सरळ करायला आम्हाला दुपारचे तीन वाजले.

तिसऱ्या शनिवारीही काही हाती लागले नाही. परतताना ट्वायला खिडकीबाहेर पाहत होती. रस्त्याच्या कडेला गंजलेली एक पाटी आली, कधीच न वसलेल्या एका गावाची. साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा कंपनीने इथे अकरा रस्ते आखले, दाबून पक्के केले, त्यांना झाडांची नावे दिली, टपालाने भूखंड विकले आणि ती नाहीशी झाली. भूखंड पुन्हा सरकारजमा झाले. फक्त तिसऱ्या रस्त्याच्या टोकाला एक कुटुंब ट्रेलरमध्ये राहत असे आणि त्यांची दोन मुले ट्वायलाच्या बसने शाळेत जात. त्या रस्त्याची पिठासारखी धूळ मी नऊ वर्षे बसच्या फिल्टरमधून झटकली होती.

"थांब," ट्वायला म्हणाली.

मी गाडी थांबवली.

"तीन शनिवार या पाटीवरून जातोय आपण, रूबेन. तीन शनिवार. मी बस कुठं वळवायचे?"

आम्ही आत वळलो. ट्रेलर कधीच गेला होता. झुडपे कडेने पुढे सरकली होती. पण रस्ता तसाच होता, विटेसारखा कडक. टोकाला बस वळवण्यासाठी केलेले रुंद वर्तुळही होते. त्या क्षणी मला आमची चूक समजली, आणि ती आमच्यासारख्यांचीच चूक होती. ज्यांनी आयुष्यभर वाळवंटावर प्रेम केले, ते नेहमी माणसाचा पाय न लागलेली जागा शोधतात. पाय लागलेल्या जागेकडे आम्ही पाहतसुद्धा नाही. तिची आम्हाला लाज वाटते.

"इथून विजेच्या तारा दिसतात," तरी मी म्हणालो. "जन्मात कधी तारांसमोर तंबू ठोकला नाहीस तू."

"देखावा नको म्हणालीय ती. आणि या जमिनीचं व्हायचं ते वाटोळं होऊन गेलंय, आपल्यामुळं आणखी काही होणार नाही. अकरा टनांची बस नऊ वर्षं इथं वळली. ती आण काठी."

काठी म्हणजे वॉकर. तिने पायाला पिशवी बांधली आणि चालू लागली. वर्तुळाच्या पश्चिम कडेपासून पूर्व कडेच्या हिरव्या खोडाच्या पालो वेर्देच्या झाडापर्यंत सेहेचाळीस पावले भरली. तिने ती पाच वेळा मोजली. शेवटच्या खेपेला डोळे मिटून. वारा पश्चिमेकडून येणार, म्हणून तंबू वर्तुळाच्या पश्चिम कडेला आणि झाड पूर्वेला, हे तिने ठरवले. तंबूंची दारे झाडाकडे उघडणार नाहीत, हेही तिनेच ठरवले. ते मला सुचले नसते. मग ती रांगत त्या सेहेचाळीस पावलांच्या वाटेवरून गेली आणि अक्रोडाएवढा नि त्याहून मोठा प्रत्येक खडा वेचून तिने बाजूला टाकला. सहासष्ट वर्षांची बाई. तिने मला मदत करू दिली नाही, कारण मला लहान खडे दिसत नाहीत असे तिचे मत होते. मी घरी जाऊन हाताच्या खुर्चीची बैठक कापून झाडाआड ठेवायला शौचासाठी एक भक्कम खुर्ची तयार केली आणि तेवढ्यावर समाधान मानले.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोहोचलो. शॉना गाडीतून उतरली आणि तिने चारी बाजूंना पाहिले.

"मावशी, हा रस्ता आहे. आपण रस्त्यावर झोपणार?"

ग्लेंडाला हसू आवरेना. "माझी बहीण! तीस वर्षं आम्हाला डोंगर चढायला लावले, आणि आता हे."

"हसू नकोस. शाळेची बस कधी रुतली नाही इथं."

"मला बसशी तोलतेस?"

"बस कमी आवाज करायची."

ग्लेंडाने वॉकर उघडला आणि चार पावले टाकली. मग ती थांबली, मागे वळली आणि जमिनीकडे पाहत राहिली. चाकांची खूणही उमटली नव्हती. संध्याकाळी, बीन्स गरम होत असताना, तिने बहिणीची खरचटलेली बोटे पाहिली आणि ताटलीत पहिली भरलेली पळी तिलाच वाढली, डाव्या हाताने, हळूहळू, सांडत.

सकाळी मी स्टोव्हवर कॉफी ठेवली तेव्हा पूर्वेला नुकतेच फटफटत होते. ट्वायला पांघरूण लपेटून खुर्चीत बसली होती. ती कधीची उठली होती कोण जाणे. ग्लेंडाच्या तंबूची चेन सरकली. लगोलग शॉनाच्या तंबूचीही.

"आई—"

"बस खाली, शॉना," ट्वायला हळूच म्हणाली. "माझ्या शेजारी. तोंड इकडे कर."

शॉना बसली. आम्ही तिघे पश्चिमेकडे तोंड करून, विजेच्या तारांकडे पाहत, ओळीने बसलो. मागे आवाज सुरू झाला: चाकांचा, मग पावलाचा, मग ओढल्या पायाची घासण. आवाज लांब गेला. मधेच थांबला. शॉनाने माझे मनगट धरले. पुन्हा सुरू झाला.

"सेहेचाळीस," ट्वायला ओठांतल्या ओठांत म्हणाली.

मग काहीच ऐकू येईना. कॉफी उकळली, मी ती खाली उतरवली. शॉना दोनदा उठू पाहत होती आणि दोन्ही वेळा मावशीने तिच्याकडे नुसते पाहिले. मला घड्याळ पाहायचा धीर झाला नाही. तारांवर ऊन आले, म्हणजे आमच्या पाठीमागे सूर्य वर आला होता.

आवाज परत येऊ लागला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा बराच लांबून येत होता. आम्ही तरीही वळलो नाही. तो जवळ आला, आमच्या खुर्च्यांना वळसा घालून समोर आला आणि ग्लेंडा उभी राहिली. तिच्या एका गुडघ्यावर धूळ होती.

शॉनाची नजर तिथेच गेली. "पडलीस?"

"नाही. वाकले. झाडापलीकडे दुसरा रस्ता सुरू होतो, ते कुणी सांगितलं नाही मला. तिथं रस्त्याच्या नावाचा खांब आडवा पडलाय. नाव वाचायचं होतं." ती धापा टाकत होती आणि तिचा चेहरा, जो झटक्यानंतर एका बाजूने ओघळला होता, दोन्ही बाजूंनी लाल झाला होता. "एल्म. इथं कधी एल्मचं झाड उगवलंय का? मूर्ख लोक."

"आई, तू गुडघ्यावर बसलीस? आणि उठलीस कशी?"

"उठले."

शॉना जागची उठली, तिने आपली खुर्ची आईकडे सरकवली आणि हात पुढे केला. मग तो हात मागे घेऊन तिने खिशात घातला. मी पाहिले, ते तिला फार जड गेले. ग्लेंडा स्वतःच वळली, मागे टेकली आणि बसली.

मी कॉफीचा कप तिच्या हातात दिला. तिने तो संपवला, जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी वॉकरच्या मुठी धरल्या.

"आता कुठे?" ट्वायलाने विचारले.

"पुढच्या रस्त्याचं नाव काय आहे ते बघते," ग्लेंडा म्हणाली. "आता संडासला काही लागलेली नाही मला. तरी जाते."