दोन देश आणि एक शिवणयंत्र

दोन्ही देशांचे मंत्री टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात पडले आणि इकडे थोरलीने घाईघाईने टीव्ही बंद केला.

वीस वर्षं ती शेजारणींपुढे डोळ्यांना पदर लावत आली होती. "सरहद्द आडवी आली गं, नाहीतर धावत गेले असते धाकटीकडे!" खरं तर सरहद्द नंतर आडवी आली, आधी आलं ते आईचं शिवणयंत्र. धाकटीने ते पलीकडे सासरी नेलं. ती निघता निघता थोरलीने त्यातली बॉबिनची डबी काढून तांदळात लपवली. यंत्र तिकडे, डबी इकडे. टाका कुणाचाच पडेना. तेवढ्यात सरकारं भांडली, वकिलातींना कुलपं लागली आणि दोघी बहिणींना आयती सबब मिळाली. फोन चालूच होते म्हणा, पण घरात तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

"सरकारने तोंडघशी पाडलं तुला," नवरा म्हणाला. "आता रडशील कशावरून?"

"तुमच्या जिभेवर आहे का कुठली सरहद्द?"

शेजारणींनी हौसेने तिला नव्या वकिलातीत ढकलतच नेलं. भिंतींचा रंग ओला, खुर्च्यांवरचं प्लास्टिक तसंच.

"कुणाकडे जायचंय, मावशी?" खिडकीमागच्या कारकुनाने विचारलं.

"बहिणीकडे."

"त्यांचा होकार लागेल. फोन लावा."

शेजारणींनी कान टवकारले. थोरलीने कुठे न बघता नंबर लावला. इतक्या वर्षांत एकदाही न लावलेला नंबर, पण बोटांना तोंडपाठ.

"कोण?"

"मी गं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "डबी आणतेयस?"

"यंत्र माझं होतं म्हण आधी!"

"मेले तरी म्हणणार नाही!"

"हट्ट काही गेला नाही तुझा."

"आणि तू मोठी गरीब गाय! ये तर खरी, दाखवतेच तुला!"

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या, नवरा छताकडे. थोरलीच्या गालांवरून मात्र खरंखुरं पाणी ओघळत होतं.

"हा होकार समजायचा का?" कारकुनाने चाचरत विचारलं.

"याहून स्पष्ट काय असतं, बाळा?"

"प्रवासाचं कारण?"

"भांडण. अर्धं राहिलंय."

कारकुनाने क्षणभर विचार केला आणि 'कौटुंबिक' असं लिहिलं. "तीन महिन्यांहून जास्त राहता येणार नाही हं."

"तीन महिने पुरतील का गं?" थोरलीने फोनात विचारलं.

"छे!" धाकटी नाक ओढत म्हणाली. "उरलेलं मी तिकडे येऊन भांडेन."