ओले कोपरे

मोठ्या बाई पान उलटताना बोट जिभेला लावायच्या. विद्यापीठाच्या जुन्या गुणनोंदींच्या विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि तिथल्या प्रत्येक नोंदवहीचा खालचा उजवा कोपरा त्यांच्या थुंकीने पिवळा, कडक होऊन वर वळला होता. मी तिथे हंगामी कारकून म्हणून लागले तेव्हापासून त्या कोपऱ्यांना हात लावायचा म्हटलं की मला मळमळायचं. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यासाठी स्पंजची डबी आणून ठेवली. "अगं, जीभ असताना डबी कशाला?" म्हणून त्या हसल्या, आणि डबी तशीच कोरडी पडून राहिली.

साथ आली आणि तिसऱ्या आठवड्यात बाई गेल्या. त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. हजेरीपटावर जी जागा सलग एकवीस दिवस रिकामी दिसेल ती रद्द, आणि विभागातली एक जागा गेली की विभागच बंद. म्हणजे शिपाईदादांची कुठेतरी बदली आणि मी घरी. घरी अंथरुणाला खिळलेले बाबा, हबकलेली आई, आणि दोघांची नजर माझ्या नोकरीवर.

संघटनेच्या सचिवांना सगळे मामा म्हणायचे. त्यांनी मला सायकल स्टँडवर बोलावलं आणि सहा फुटांवर उभे राहून, मास्कआडून, अगदी मायेने म्हणाले, "पोरी, माणूस गेलं ते गेलं. जागा जाता कामा नये."

"म्हणजे?"

"बाईंची सही तुला येते. त्यांना कंटाळा आला की तूच ठोकायचीस, मला ठाऊक आहे."

"मामा, बाई वारल्यात."

"मृत्यूचा दाखला माझ्या कपाटात आहे. साथ सरली की तो बाहेर येईल. तोवर कार्यालयाच्या लेखी बाई हजर. या साथीत मी एकसुद्धा खुर्ची हलू दिलेली नाही."

मला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण मी नाही म्हटलंच नाही.

रोज सकाळी हजेरीपटावर मी आधी माझी सही करायचे, मग बाईंची. चौथ्या-पाचव्या दिवशी कसलीशी नोंद शोधायला एक जुनी वही उघडली तर पानाचा कोपरा बोटाला गार लागला. ओला होता. मी किंचाळलेच असणार, कारण शिपाईदादा धावत आले. "छत गळत असेल," ते म्हणाले. छत कोरडं ठाक होतं. "मग तुमचा घाम असेल, ताई. तुम्हाला तर स्वतःच्या सावलीनेही घाम फुटतो." मी हसले, आणि साबणाने हात इतके धुतले की कातडी सोलवटली. पुढे रोज एक तरी कोपरा ओला निघायचा, आणि रोज वेगळ्या वहीचा, जणू कुणी कपाटातल्या वह्या ओळीने तपासत चाललं होतं. माझी डबी मात्र कोरडीच.

महिनाअखेरीला तपासणी आली. अधिकारी फक्त डोकी मोजणार होते. मामा म्हणाले, "मास्क, चष्मा आणि बाईंचा स्वेटर. त्यांच्या खुर्चीत बस आणि मान वर करू नकोस."

"आणि माझी खुर्ची?"

"ती माझ्यावर सोड."

राखाडी स्वेटर अजून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. आत हात घातला तेव्हा काखेतल्या शिळ्या घामाचा आणि बामचा वास एकदमच अंगावर आला. खिशात घडी घालून कडक झालेला रुमाल होता. मास्क वर ओढून, मान खाली घालून मी बसले. दारात पावलं वाजली. अधिकारी उंबऱ्याच्या आत आलेच नाहीत. "शिपाई एक. या मोठ्या बाई. आणि त्या हंगामी. तीन जागा, तीन माणसं," एवढं म्हणून ते पुढच्या विभागाकडे वळले.

माझी खुर्ची माझ्या पाठीमागे होती. मी वळले नाही. तिथून पानं उलटण्याचा संथ आवाज येत होता, आणि प्रत्येक पानाआधी जिभेचा एक बारीकसा, ओलसर 'चट्'.

किती वेळ गेला कोण जाणे. मामा आले तेव्हा त्यांचे डोळे हसत होते. "वाचलो गं! मला यायला उशीर झाला, माणूसही मिळालं नाही. म्हटलं, आता सगळं संपलं. पण तू बरोबर कुणाला तरी बसवलंस. कोण होती?"

मी मागे पाहिलं. खुर्ची रिकामी होती, फक्त टेबलापासून जरा मागे सरकलेली, कुणी नुकतंच उठल्यासारखी. शिपाईदादा फरशीकडे बघत होते, आणि त्यांनी एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा महिना, हजेरीपटाचं नवं पान. जागा वाचल्याचं पत्रही लखोट्यात घालून टेबलावर ठेवलेलं होतं. गारठा होता म्हणून मी तोच स्वेटर घातला. हजेरीपटाची दोन पानं एकमेकांना चिकटली होती. ती सुटेनात, तेव्हा बोट जिभेला लावून मी ती सोडवली, आणि काय केलं ते तोंडात जुन्या कागदाची चव आल्यावर कळलं.

नव्या पानावर माझ्या नावापुढे माझी सही झालेली होती. शाई अजून चमकत होती. बाईंचा रकाना तेवढा रिकामा होता.

मी पेन उचललं.