पन्नीचं वजन

मैमूनाच्या पिशवीचा बंद नंदाबाईनं दुकानाच्या मागच्या दारातच धरला.

"थांब. डबा दाखव."

"कामून? भाजी उरली का ते बघायचं का तुला?"

"दाखव म्हणते न!"

मैमूनानं पिशवी पोटाशी ओढली. कामावरून घरी निघालेली बाई रिकामा डबा असा तान्ह्या लेकरासारखा धरत नसते, एवढं नंदाबाईला कळत होतं. तिनं एकच झटका दिला. बंद तुटला, डबा फरशीवर आपटला, झाकण घरंगळत मिठाच्या थप्पीखाली गेलं आणि आतून पन्नी बाहेर आली. चार घड्या घालून, अंगठ्यानं दाबून दाबून भरलेली. तेलाच्या खोक्यांवरची, प्लास्टिकची.

जाफराबादच्या या मोठ्या किराणा दुकानात नंदाबाई सहा वर्षांपासून गोदाम सांभाळायची, पण रोजानंच. तीन महिन्यांमागं बद्रीनाथशेठनं सगळ्यांना ओळीनं उभं करून सांगितलं, आपलं दुकान 'शून्य कचरा' होणार. तसं सर्टिफिकेट तालुक्यात कोणाकडंच न्हाई. मग चार ड्रम आले. पुठ्ठा, पन्नी, ओला आणि बाकीचा. रोज संध्याकाळी एकेक ड्रम काट्यावर ठेवायचा, वजन वहीत लिहायचं, खाली सही करायची. हे काम नंदाबाईकडं आलं. सर्टिफिकेट भेटलं की तुला कायम करतो, असा शब्दही शेठनं दिला.

आणि आज सकाळी तपासणीवाल्या अर्पिता मॅडमनं वही चाळता चाळता बोट थांबवलं.

"पन्नी दिवसाला तीनशे ग्रॅम? एवढ्या दुकानात किलोभर तरी निघायला हवी. बाकीची जाते कुठं, ताई?"

नंदाबाई वहीतले आकडे पुन्हा बघायला लागली.

"कचरा निघाला म्हणून कोणी नापास करत नाही. पण निघालेला कुठं गेला ते कळलं पाहिजे. वजनाला न आलेला कचरा म्हणजे गुपचूप कुठंतरी टाकलेला. उद्या सकाळी येते. तोवर शोधा, नाहीतर वही खोटी आहे असं मला लिहावं लागेल."

वही खोटी, आणि पानोपानी सही नंदाबाईची.

तेव्हापासून दिवसभर तिला जो दिसला तो चोर दिसला. वॉचमन तातेराव जेवण झालं की नाल्याकडं कामून जातो? भंगारवाला इजहार तिची पाठ फिरली की गोणी भरतो का? दुपारी तिनं इजहारची हातगाडी तळापर्यंत उपसली. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला आणि म्हणला, "नंदाक्का, आता चाकातली हवा बी सोडून बघा. तिच्यात असंल."

आता मात्र माल हातात सापडला होता.

"तर तू हायेस," नंदाबाई म्हणली. "इकून राह्यली व्हय? माझ्या सहीवर?"

"इकते?" पन्नी गोळा करायला वाकलेली मैमूना तशीच थांबली. "घरी येऊन बघ. पलंगाखाली जागा न्हाई राह्यली. नवरा रोज शिव्या देऊन राह्यला."

"मंग नेतीस कामून?"

"शेठला शून्य पाहिजे ना! पहिल्या हप्त्यात ड्रम भरला तवा सगळ्यांदेखत तुला काय म्हणले? एवढा कचरा काढतीस, तुला कायम कशी करू? या थप्पीमागं बसून तू रडत व्हतीस. आम्ही काय आंधळे हाव? मंग ठरवलं, जो तो थोडं थोडं नेईल. तेवढाच तुझा ड्रम हलका."

"आम्ही म्हंजे कोण कोण?"

"सगळेच. तातेराव बी."

नंदाबाईनं गुडघ्यावर बसून थप्पीखालून झाकण ओढून काढलं. पदरानं पुसलं आणि डब्यावर बसवायला लागली. झाकण बसंना. दोनदा उलटं लावलं.

"येड्यांनो," ती म्हणली, "मला इचारायचं तरी."

"इचारून नेऊ दिलं असतंस? तू म्हंजे तापलेला तवा."

"उद्या सगळं वापस आणा. घरात एक चिटोरं ठेवू नका."

सकाळी दुकान उघडायच्या आधीच काट्यापुढं रांग लागली. तातेराव सायकलच्या दोन्ही बाजूंना गोण्या लटकवून आला. काउंटरवरची आकांक्षा अंग चोरत म्हणली, "मावशी, एका पन्नीत आईनं मिरच्या बांधल्यात. तेवढी राहू द्या न."

"काढ मिरच्या."

अर्पिता मॅडम आत काउंटरपाशी चहा घेत बघत होत्या. नंदाबाईनं नवं पान काढलं. वरती लिहिलं, 'घरी नेलेली पन्नी'. ती मोठ्यानं नाव विचारायची, ओळखीच्याला सुद्धा, मग वजन पुकारायची आणि लिहायची. बेचाळीस किलो भरले. तिनं बेरीज दोनदा केली. तीन महिन्यांच्या हिशोबानं अजून वीसेक किलो कमीच होते. ती एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागली. तातेरावनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तेवढ्यात शेठची गाडी मागच्या दाराला लागली. शेठनं इकडंतिकडं बघत डिकी उघडली. आत दोन गोण्या होत्या.

"शेतावरच्या खोलीत ठेवलं होतं," शेठ हळू आवाजात म्हणला. "दुपारच्याला ड्रममधून काढून न्यायचो. मला वाटलं, जेवढं कमी दिसंल तेवढं बरं."

नंदाबाईनं गोणीचं तोंड सोडून आत बघितलं.

"वजन कर, पण माझं नाव नको. मैमूनाच्या नावावर टाक. मॅडमला काय कळतंय?" त्यानं खिशावर हात ठेवला. "तुला कायम केल्याची ऑर्डर टाईप करून आणलीय. फक्त माझी सही राह्यलीय."

मैमूना बाजूलाच होती. तिनं ऐकलं.

"लिही ग नंदाक्का, माझ्याच नावावर लिही. मला काय फरक पडून राह्यला?"

नंदाबाईनं गोण्या एकेक करून काट्यावर ओढल्या. काटा थरथरून थांबेपर्यंत वाट बघितली.

"एकवीस किलो दोनशे!" तिनं पुकारलं. आत मॅडमनं कप खाली ठेवला.

नंदाबाईनं नव्या ओळीवर पेन टेकवला आणि मान वर न करता, सगळ्यांना विचारलं होतं तसंच, त्याच आवाजात विचारलं,

"नाव?"