भूतदयेचा टब

हो, मीच बोलतोय. या पुठ्ठ्याच्या खोक्यातलं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत ना, तोच मी. बघा हवं तर, पण पाठीवर टकटक करू नका. ते काही दार नाही. आत मी आहे आणि मला सगळं कळतं.

माझा जन्म खडकाळ माळावरचा. ऊन, कोरडी माती आणि काट्याकुट्यांतलं गवत, एवढ्यावर आमचं छान चाललं होतं. पण माणसांना आमच्या पाठी आवडल्या आणि आमची जात रानातून संपत चालली. एकाने मला घामट मोज्यात कोंबून दुकानदाराला विकलं. त्या मोज्याचा वास अजून नाकातून जात नाही. शी!

दुकानात एक शाळेतल्या बाई आल्या. मुलांना भूतदया शिकवायची म्हणून त्यांना एक प्राणी हवा होता. घ्या! दया शिकवायला कैदी.

बाई मनाने वाईट नाहीत हो. पण कासव म्हटलं की पाणी, एवढंच त्यांना ठाऊक. वर्गाच्या कोपऱ्यातल्या निळ्या टबात त्यांनी मला सोडलं. मी पडलो जमिनीवरचा जीव, मला कुठलं पोहता येतंय! पाणी गळ्याशी यायचं. जिवाच्या आकांताने मी टबाची कड ओरबाडायचो आणि मुलं टाळ्या पिटायची, "बघा, कसं पोहतंय!" मग रांगेने येऊन दया करायची, म्हणजे एकेक चापटी मारायची. वर भिजलेली बिस्किटं! पोटाखालचं कवच कुजून वास सुटला, तेव्हा बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "कासवांना वास असतोच."

वर्गात एक बडबडी मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणायचे. ती म्हणाली, "बाई, ते दमलंय."

"गप गं टकळे. कासव कधी दमतं का?"

आज शाळेत जनावरांचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले. छान दिसावं म्हणून बाईंनी टब काठोकाठ भरला होता. माझे पाय तळाला टेकेनात. डॉक्टरांनी विचारलं, "मुलांनो, भूतदया म्हणजे काय?" अख्ख्या वर्गाने घसा फोडून व्याख्या म्हटली आणि मी इकडे बुडत होतो. नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं, संपलं.

टकळी व्याख्या अर्धवट सोडून धावली. तिने बाह्यांसकट हात पाण्यात घातले आणि मला थेट पाहुण्यांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवलं. मी तिथेच सगळं पाणी ओकलो. बरं झालं!

"अगं, पाहुण्यांसमोर हे काय!" बाई ओरडल्या.

डॉक्टरांनी मला उलटं केलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. "बाई, हे जमिनीवरचं कासव आहे. बुडत होतं ते."

"अहो, पण कासवच ना?"

आता डॉक्टरांनी मला या खोक्यात कोरडं ठेवून वनखात्याची गाडी मागवलीय. माझं कवच धड होईल का, ते त्यांनाही सांगता येईना. टकळी ओल्या बाह्यांनी माझ्याशेजारी बसलीय. मुलं हळहळताहेत, काही रडताहेत. तेवढं बरं वाटलं.

आणि बाई? बाई दाराशी उभ्या राहून दुकानदाराशी फोनवर बोलताहेत. "हो, कासवच. पण या वेळी पाण्यातलं द्या हं. टब आहे आमच्याकडे."

मुलांनो, पाठांतर पुरे झालं. उठा, आधी तो फोन ठेवायला लावा.