शेपटीचा काप

दोतोर ओतावियो डॉक्टर नव्हता. कुरिमां गावच्या किनाऱ्यावर ज्याच्याकडे पैसा, त्याला दोतोर म्हणायचं, एवढंच. इंजेक्शन टोचता येवो न येवो. लुटणं मात्र त्याला सुईसारखं जमायचं, दुखतं ते नंतर कळायचं.

दालवा त्याच्या पतंगशाळेत कामाला होती. पाहुणे पतंगाच्या दोऱ्यांना लटकून, पायाखाली फळी घेऊन लाटांवरून धावायचे आणि दालवा त्यांचे खारट पतंग गोड्या पाण्यात धुऊन वाळवायची. दुपारी पाहुणे बिअरला बसले की ‘शिवण तपासते’ म्हणून एखादा पतंग घेऊन स्वतः पाण्यात उतरायची. सहा वर्षं तिने अशी शिवण तपासली. वाऱ्याच्या तोंडावर फळी चढवण्यात किनाऱ्यावर तिचा हात धरणारं कुणी उरलं नव्हतं.

ऑक्टोबरात शर्यत होती. बायकांत पहिली येईल ती राज्याच्या संघात. संघ म्हणजे भत्ता, आणि परक्यांचे पतंग धुण्यातून सुटका. पण शर्यतीची फळी निराळी असते. रुंद, जाड, पोटाखाली माशासारखे तीन लांब पर. दुकानातली घ्यायची तर दालवाचा सात महिन्यांचा पगार, तोही उपाशी राहून.

"घरी करू की," तिचा बाप वाल्देसी म्हणाला. चाळीस वर्षं जांगादावरून, म्हणजे शिडाच्या लाकडी होडीवरून, मासेमारी केलेला म्हातारा. "आख्खी जांगादा बांधली मी. फळीचं काय कौतुक?"

मासळीबाजारात फुटलेल्या बर्फाच्या पेट्यांचा थर्मोकोल दालवाने गोळा केला, थरावर थर चिकटवला, गळाची पोलादी तार बॅटरीवर तापवून तो कापला. मग म्हाताऱ्याने मोठ्या तोऱ्यात होडीच्या भेगा बुजवायचं रेझिन त्यावर ओतलं. थर्मोकोल फसफसला आणि बघता बघता खड्डा होऊन बसला.

"बाबा, ते लाकूड नाहीये!"

"मग आधी बोलायचं ना, भवाने!"

"बोलले होते. तुम्ही समुद्राचं तरी ऐकलंत कधी?"

पुन्हा पहिल्यापासून. मामेभाऊ पवनचक्कीच्या पात्यांच्या कारखान्यात होता. तिथे काचेच्या कापडाच्या चिंध्या आणि थर्मोकोल न खाणारं रेझिन भंगारात जायचं. डब्यांच्या तळाशी उरलेलं तो जेवणाच्या डब्यातून आणायचा. "बायको अजून तो डबा शोधतेय," म्हणायचा.

पर राहिले. वाल्देसी आपल्या जांगादाकडे गेला. तिच्या पोटातून पाण्यात उतरणारी उभी फळी त्याने उपसून आणली. ती नसली की होडी वाऱ्यापुढे खेकड्यासारखी आडवी सरकते. करवत घेऊन त्याने तिचे तीन पर कापले.

"आता होडी?" दालवाने विचारलं.

"कोंबड्या झोपतील तिच्यात."

शेवटी त्याने सुरीने फळीच्या शेपटीला उजवीकडे एक त्रिकोणी काप दिला. अंगठ्याएवढा. ही त्याची खूण. होडीवर चौघांचे मासे एकाच टोपलीत पडतात, म्हणून जो तो आपल्या माशाच्या शेपटीला आपला काप देतो. खुणेचा मासा कुणाच्याही दारात पडू दे, कुरिमांत त्याला दुसऱ्याचा हात लागत नाही. दोन्हीकडे काप असला तर मात्र ते आमिष. खायचं नाही, विकायचं नाही.

फळी पाण्यात पडली आणि पहिल्याच दुपारी दालवाने दोतोरच्या मुलीला, इझादोराला, तिच्या महागड्या फळीसकट मागे टाकलं. एकदा नाही, तीनदा.

दोतोर गोड हसत आला. "पोरी, फळीची यादीत नोंद नसेल तर पंच घेणार नाहीत. ठेव माझ्याकडे, मी नोंदवून आणतो."

दालवाने फळी दिली. मूर्ख होती म्हणून नाही. शेपटीला खूण होती म्हणून.

शर्यतीच्या सकाळी वाळूवर पाच चकचकीत नव्या फळ्या मांडलेल्या होत्या. तशाच रुंद, तसेच तीन पर. प्रत्येकीच्या शेपटीला उजवीकडे अंगठ्याएवढा त्रिकोणी काप. नाव छापलेलं, ‘इझादोरा’. दालवाची फळी कोठाराच्या भिंतीला उलटी टेकवलेली.

"हिचा नंबर?" दालवाने विचारलं.

"घरगुती माल यादीत बसत नाही गं," दोतोर म्हणाला. "मी खूप प्रयत्न केला. यातली एक भाड्याने घे, तुला सूट देईन. पगारातून कापू."

इझादोरा बिचारी बोलायला गेली, "हा काप आहे ना, त्यातून पाणी सुटतं. सगळा वेग त्याचाच आहे."

वाल्देसी बाजूलाच उभा होता. "तो वेग नाही, बाई. ती माझी खूण आहे. दुसऱ्याने चोरू नये म्हणून."

 दोतोरचे डोळे चमकले. "अरे वा! कोळ्याची खूण! हे तर फळीवर छापायला हवं! बाबा, जरा इकडे उभे राहा, फोटो काढू."

"आणि वाटा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"एक टी-शर्ट देतो की."

दालवाने बापाच्या कमरेची सुरी काढली. पहिल्या फळीला डावीकडे काप दिला. दुसरीला दिला. कुणाला काय चाललंय ते कळेपर्यंत पाचव्या फळीलाही दोन काप झाले होते.

"वेडी झालीस काय!" दोतोर किंचाळला.

"आमिष आहे हे," दालवा म्हणाली. "खायचं नाही, विकायचं नाही."

दोन खलाशी खो खो हसले. पंच हसले नाहीत. दालवाला किनाऱ्यावरून हाकललं, त्या महिन्याचा पगार दोतोरने गिळला. घाईत इझादोरा तशीच दोन कापांच्या फळीवरून सुटली आणि पहिली आली. येणारच, तिला हरवणारी वाळूबाहेर उभी होती. संघात तीच गेली.

पुढच्या हंगामात नव्या फळ्या आल्या. किंमत वाढलेली. सगळ्यांना दोन काप.

पाहुणे त्या डोक्यावर घेऊन किनाऱ्याने जातात तेव्हा खलाशी एकमेकांना डिवचतात, "बघ रे, आमिष चाललं!" वाल्देसी तर पोट धरून हसतो. दालवा आता मासळीबाजारात बर्फ फोडते. तिला हसू येत नाही. परवा एक पाहुणा कोळंबी घ्यायला थांबला आणि "जरा धरता का?" म्हणून फळी तिच्या हातात देऊन पाकीट शोधू लागला. तिने शेपटीकडून धरली. अंगठा उजव्या कापात बरोबर बसला.